अंगणाचा उतार

वाघोली, वसई
२ फेब्रुवारी २०२५

आत्या,

माझं पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि विनितावहिनीच्या मोबाइलवर निरोप पाठवला तर तो आधी ती वाचते, मग सिद्धेशदादा, मग उरला तर तुला मिळतो, हे तूच मागे आईला सांगितलं होतंस. म्हणून शाळेतून येताना माणिकपूरच्या पोस्टातून पाकिटं आणली. मी जूनपासून तिथल्या एका शाळेत भूगोल शिकवते. नोकरी तात्पुरती आहे, पण मुलं कायमची वाटायला लागली आहेत.

काम असं आहे. आपल्या अंगणात पावसाळ्यात पाणी साचतं. पूर्वी पाऊल भिजायचं, आता ओट्याची खालची पायरी बुडते. गेल्या श्रावणात आई शेवाळावरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. तुला कळवलं नाही, कारण बाबा म्हणाले, ताई उगाच धावत येईल. समोरचा रस्ता थरावर थर चढून आपल्या अंगणापेक्षा उंच झाला आहे. आपल्या मोरीचा पाइप मात्र अजून त्याच रस्त्याच्या गटारात सोडलेला, म्हणजे खालून वर. जोराचा पाऊस झाला की मोरीतलं पाणी बाहेर जायचं सोडून गटारातलंच आत येतं.

शेजारचा स्टॅनी तुला आठवत असेल. तो आता नळाची, ड्रेनेजची कामं घेतो. कुंपणावरून बाबांना म्हणतो, "आत्माराम, अंगनात कोलंबी सोड. भागीत करू." बाबा हसतात आणि चालायला आणखी एक वीट टाकतात.

मी वर्गात शिकवते की पावसाचं पाणी जिथे पडलं तिथेच मुरलं पाहिजे, आणि घरी येते ती विटांवरून उड्या मारत. मला ते खोटं वाटायला लागलं आहे. म्हणून मी पारदर्शक नळी आणली. गवंडी लेव्हल बघतात ना, तशी. नळीत पाणी भरून एक टोक आईने पायरीशी धरलं आणि दुसरं घेऊन मी सगळी वाडी फिरले. कळलं ते असं की जमीन रस्त्याकडे उतरतच नाही. ती मागे उतरते, बावखलाच्या तळ्याकडे.

मग पूर्वी मोरीचं पाणी जायचं कुठे? बाबांना विचारलं, तर "जायचं कुठेतरी" म्हणाले आणि चाफा खुडायला निघून गेले. तू घरातली मोठी. तुला नक्की आठवत असेल.

उत्तराची वाट पाहते.

तुझी
कृतिका


केळवे
१४ फेब्रुवारी २०२५

कृती,

पोस्टमन नवा आहे. "वसुंधरा कोण, वसुंधरा कोण" करत त्याने अर्धी आळी पालथी घातली. इथे मला सगळे सिद्धेशची आई म्हणतात. खूप वर्षांनी माझं नाव कोणीतरी इतक्या मोठ्याने घेतलं. ते मला ऐकू आलं, म्हणजे बघ किती ओरडत असेल.

तुझ्या आईचं मनगट मोडलं आणि मला कळवलं नाही. आत्मारामला म्हणावं, मी धावत आले असते तर त्याचं काय गेलं असतं?

पाणी कुठे जायचं ते सांगते. मोरीतून एक दगडी पन्हळ निघायची. ती अळवाच्या वाफ्यात सुटायची. अळवापुढे कर्दळ, कर्दळीपुढे केळी. भांड्यांचं पाणी तिथपर्यंत पोहोचता पोहोचता संपायचं. त्या अळवाची पानं एवढाली असायची की पावसात आम्ही डोक्यावर धरून पळायचो. आणि पावसाचं पाणी अंगणातून घराला वळसा घालून मागे बावखलात. त्याला कधी कुणी वाट करून दिली नाही. आई मला सारवायला शिकवायची तेव्हा सांगायची, हात घराकडून मागे ओढायचा, कधी उलटा फिरवायचा नाही. मी उलटा फिरवला की हातावर चापट. रोज तसाच हात फिरला की जमीन तशीच होते. पुढे तुम्ही कोबा घातला, तेव्हा कुणाला हात फिरवायची गरज राहिली नाही.

आणि बावखल माझं आहे, हे तुला ठाऊक आहे का? अण्णांनी माझ्या लग्नात भर मांडवात सांगितलं होतं, "दागिन्यांत कमी पडलं असेल, पण मागचं बावखल वसूचं." माझे सासरे म्हणाले, ते टेम्पोत कसं घालायचं ते सांगा. सगळा मांडव हसला. मी हसले नाही. मला ते खरंच माझं वाटलं. इथे केळव्याला पानवेली आहेत, समुद्र आहे, सगळं आहे. पण विहिरीवर पाणी शेंदताना अजून मनात येतं, आपलं पाणी तिकडे आहे.

तू विचारलंस म्हणून एक मनातलंही लिहिते. शेवटची आले ती गौरीला. त्यालाही वर्षं झाली. तुझ्या आईने रीतीप्रमाणे दारात माझ्या पायावर पाणी घातलं, आणि ते पायाशीच थांबलं. चिखल झाला. मी त्यात उभी. वाटलं, माहेरच्या पाण्यालासुद्धा आता कुठे जावं ते कळत नाही. म्हणून दुसऱ्याच दिवशी निघाले. तुम्हाला वाटलं असेल आत्या घाईत आहे.

असो. म्हातारीचं पाल्हाळ. तू शिकलीस, आपल्या घरातली पहिली. तुझं पत्र मी उशीखाली ठेवलं आहे.

तुझी आत्या


वाघोली
१५ मार्च २०२५

आत्या,

परीक्षेचे पेपर तपासायला घेतले आहेत, म्हणून मुद्द्याचं तेवढंच लिहिते. उताराचं काम आता करून टाकायचं ठरलं आहे. सध्याचा चुकीचा आहे आणि तसाच ठेवून चालणार नाही. मागचं बावखल तुझं, त्यामुळे बाबा म्हणतात की वसूताईच्या संमतीशिवाय उताराला हात लावायचा नाही. मी म्हटलं, आत्या नाही म्हणणार नाही, पण लेखी असलेलं बरं. तेव्हा तुझी हरकत नसल्याच्या दोन ओळी लिहून, सही करून पाठव. पावसाळ्याआधी उरकायचं आहे. लवकर पाठवलंस तर बरं होईल.

कृतिका


केळवे
२६ मार्च २०२५

कु. कृतिका हिस,

आपलं पत्र पोहोचलं. उताराचं तुम्हाला जे करायचं असेल ते करावं. माझी हरकत नाही आणि पुढेही असणार नाही. खाली सही केली आहे.

बावखलाबद्दल मी मागे जे काही लिहिलं, ते मनावर घेऊ नये. मांडवातलं बोलणं मांडवातच राहतं, हे मला आधीच कळायला हवं होतं.

आत्मारामला सांगावं, यासाठी मुलीला पुढे करायची गरज नव्हती. तो स्वतः आला असता तरी मी हेच लिहून दिलं असतं, आणि त्याला जेवू घालून पाठवलं असतं.

वसुंधरा विद्याधर राऊत


वाघोली
२९ एप्रिल २०२५

आत्या,

तुझं संमतीपत्र मिळालं. किती आभार मानू? "आपलं" आणि "करावं" वाचून आई आणि मी खूप हसलो. लेखी हवं म्हटलं तर अगदी कचेरीसारखं लिहिलंस. बाबांनी स्वतः लिहायला हवं होतं, हे मात्र तुझं खरं. मी त्यांना वाचून दाखवलं, तर ते बराच वेळ चाफ्याच्या टोपलीला सुतळी बांधत बसले. तुला माहीत आहे ते कसे आहेत. चाफ्याच्या हिशेबापलीकडे त्यांनी हातात पेन धरलेलं मी पाहिलं नाही.

ईस्टर होऊन गेल्यावर स्टॅनीने काम हातात घेतलं. रस्त्याकडचा जुना पाइप उपटला. तो निम्मा गाळाने भरलेला होता. नवा पाइप मागच्या बाजूला, बरोबर तू सांगितलेल्या पन्हळीच्या वाटेने. खोदताना तिचे दोन दगड सापडलेसुद्धा. मी ते ओट्याजवळ ठेवले आहेत, तुला दाखवायला.

एक भांडणही झालं. बाबांचं म्हणणं, उतार द्यायचाच तर भरपूर दे, पाणी धावत गेलं पाहिजे. स्टॅनी म्हणाला, "चर मारलाच हाय तर अजून खाली घेऊ, काय बिगडतं?" मी वाचलं होतं की उतार कमी पडला तर पाणी तुंबतं, पण जास्त झाला तरी बरं नाही. दोघांनाही पटेना. मग आम्ही नुसताच एक पाइप दगडांवर तिरका मांडला, त्यात भाताचा कोंडा टाकला आणि वरून बादली ओतली. पाणी सरकन पलीकडे निघून गेलं आणि कोंडा पाइपातच चिकटून राहिला. मग चाळीस फुटांना एक फूट, या हिशेबाने उतार कमी केला आणि पुन्हा ओतलं. या वेळी कोंडा पाण्याबरोबर वाहत आला. बाबा म्हणाले, "मघाशी नवरा पुढे पळाला आणि वऱ्हाड मागे राहिलं." स्टॅनी म्हणाला, "माज्या लग्नात तसंच झालं होतं." मग कुणीच वाद घातला नाही.

मोरीचं पाणी बावखलात सोडलेलं नाही. ते अळू, कर्दळ आणि केळीतच मुरेल. बावखलात फक्त पावसाचं पाणी जाईल. बावखल अर्धंअधिक राडारोड्याने भरलं होतं. कुणी कधी टाकला, कोण जाणे. स्टॅनीच्या टेम्पोने तो उचलला, तर खालून काळी माती आणि मग ओल लागली.

पुढच्या अंगणात पाणी अडवून धरणारा कोबा फोडला आणि मुरूम टाकून चोपला. तुझं सारवण्याचं वर्णन मी बाबांना वाचून दाखवलं होतं. आई शेण कालवून आली, तर बाबा म्हणाले, राहू दे, तुझं मनगट दुखेल. आणि स्वतः खाली बसले. घराकडून मागे, घराकडून मागे. एकदाही हात उलटा फिरला नाही.

आता या गौरीला ये. तू येशील ना?

तुझी
कृतिका


केळवे
१८ मे २०२५

कृतिकाताई,

मी विनिता. सासूबाईंना न सांगता लिहिते आहे. तुम्ही दोघी पत्रंच लिहिता, म्हणून मीही पत्रच लिहिते.

तुमचं एप्रिलचं पाकीट त्यांनी उघडलेलंच नाही. देव्हाऱ्यामागे ठेवलं आहे. विचारलं तर म्हणाल्या, "त्यात सरकारी कागद असतील. मी गेल्यावर बघा." मार्चपासून त्या गप्प आहेत. वाडीत जातात, पानं खुडतात, येतात. परवा पेटीतून लग्नातला शालू काढला आणि म्हणाल्या, हा तू घे, माहेरचं आता काही ठेवायचं नाही.

मग मी त्यांना बसवून विचारलंच. त्या म्हणाल्या, "आत्मारामने उताऱ्यावरून माझं नाव काढलं. मी सही करून दिली." आमच्या शेजारच्या कमळाबाईंच्या भावांनी गेल्या वर्षी असंच केलं होतं. चहा पाजला, सही घेतली आणि सातबाऱ्यावरून नाव गेलं. ते यांच्या डोक्यात बसलेलं.

तुमचं मार्चचं पत्र मी वाचलं. हो, मी वाचते. हे तुम्हाला कळलेलं असेलच. मला त्यात उतारा कुठे दिसला नाही, उतार दिसला. तसं मी सांगितलंही. तर म्हणतात, "शिकलेली मुलगी आहे, गोड शब्दांत लिहिते."

खरं काय ते तुम्ही कळवा. जमिनीचं असेल तर तसं स्पष्ट सांगा, सहन करतील. पण असं अर्धवट नको. रात्री जेवताना त्या पाणी जास्त पितात आणि भात कमी खातात. आणि एक विनंती, पाकिटात घालू नका. त्या उघडणार नाहीत.

विनिता


(पोस्टकार्ड, क्रमांक १)

वाघोली
२३ मे २०२५

आत्या, हे उघडं कार्ड आहे. पोस्टमन वाचेल, वहिनी वाचेल, आळी वाचेल. वाचू दे. मी उतार लिहिलं होतं. पाण्याचा उतार. अंगणाचा. सातबाऱ्याचा उतारा नव्हे. तो असता तर मी "उताऱ्याला" लिहिलं असतं, "उताराला" नाही. सातबाऱ्याला कुणी हात लावलेला नाही. त्यावर तुझं नाव आहे आणि राहील. पेपरांच्या घाईत मी पाणी, पाइप, अंगण यांतला एकही शब्द लिहिला नाही, हे आज तुझं सहीचं पत्र पुन्हा वाचताना लक्षात आलं. तू परकी होऊन लिहीत होतीस आणि मी हसत होते. मला माफ कर. देव्हाऱ्यामागचं पाकीट उघड. कृतिका. (पुढे कार्ड २)


(पोस्टकार्ड, क्रमांक २)

वहिनीचं पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते उठून बावखलावर गेले. मी मागोमाग गेले आणि विचारलं, उतार मागे आहे हे तुम्हाला ठाऊक होतं ना? म्हणाले, "लहानपणापासून." मग इतकी वर्षं पाण्यात का राहिलो? म्हणाले, "रस्त्याच्या गटारातलं पाणी अंगणात येतं, आपली मोरी त्यात मिसळते. ते सगळं ताईच्या बावखलात सोडू? तिला दिलंय ते." म्हणून विटा टाकत राहिले. आई पडली त्या रात्रीही ते एवढंच म्हणाले होते, की मागे नाही सोडायचं. तेव्हा मला अर्थ कळला नव्हता. खालची ओळ त्यांची आहे. तीन वेळा कोऱ्या कागदावर लिहून मग इथे उतरवली.

ताई उतार आहे उतारा नाही. पोरीला भूगोल येतो पत्र येत नाही. बावखल तुझं आहे. ये. आत्माराम


केळवे
५ जून २०२५

कृती,

दुसरं कार्ड आधी आलं आणि पहिलं दोन दिवसांनी. पोस्टमन दारातूनच ओरडला, "आजी, बावखल तुमचंच आहे बरं का." आता अख्ख्या केळव्याला माहीत झालं. कमळाबाई येऊन कार्ड हातात घेऊन बघून गेली. तिला वाचता येत नाही, तरी बराच वेळ धरून बसली होती.

मग मी पाकीट काढलं. विनिता म्हणाली, वाचून दाखवू का? मी म्हटलं, तू वाचलंच असशील. ती म्हणाली, नाही, हे एकच वाचलं नाही. म्हणून तिलाच मोठ्याने वाचायला दिलं. कोंड्याचं वाचताना ती थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. तिलाही तेच सुचलं असणार, जे मला सुचलं.

पोरी, तुझं ते मार्चचं पत्र फार उताराचं झालं होतं. पाणी सरकन निघून गेलं आणि कोंडा सगळा माझ्याकडे राहिला.

यात तुझा एकटीचा दोष नाही. "उताऱ्याला" मधला तो तुझा वाकडा र शाळेत शिकवत असतील. आमच्याकडे तलाठ्याकडे जाणारेसुद्धा "उताराला जातो" असंच म्हणतात. आणि मी विचारू शकले असते. एक पोस्टकार्ड टाकलं असतं, बाई, कसला उतार? पण विचारलं असतं आणि तू हो म्हणाली असतीस तर? म्हणून न विचारताच सही केली. भीती असली की माणूस भरभर सही करतो.

आत्मारामची ओळ मी कितीदा वाचली ते सांगत नाही. त्याच्या "ये" वरची मात्रा जरा लांब गेली आहे, पुढच्या शब्दापर्यंत. पुढे सहीशिवाय शब्दच नाही, म्हणून ती माझ्यापर्यंत आली असं समजते.

तुझ्या आईला सांग, मनगटाला महानारायण तेल चोळत जा. गौरीला येते. विनितालाही आणते, तिला वाचायला काही उरलेलं नाही. पण माझी एक अट आहे. दारात पायावर पाणी घालायचं. तुझ्या चाळीस फुटांची परीक्षा मी घेणार.

तुझी आत्या


केळवे
७ सप्टेंबर २०२५

कृती,

सुखरूप पोहोचलो. तू दिलेले अळवाचे कंद विनिताने आल्या आल्या आमच्या मोरीमागे लावले. सिद्धेश म्हणाला, बाजारात अळू मिळत नाही का? ती म्हणाली, हे बाजारातलं नाही, आईंच्या माहेरचं आहे. शालूही तिने माझ्या पेटीत परत ठेवला.

तीन दिवस राहिले, पण एक गोष्ट बोलायची राहून गेली. आत्माराम समोर असला की मला बोलता येत नाही, आणि तो तर बोलतच नाही. म्हणून लिहिते.

आम्ही आलो तेव्हा सकाळपासून पाऊस चालू होता. अंगण ओलं होतं, पण पाणी कुठेही साचलं नव्हतं. विटाही दिसल्या नाहीत. तुझ्या आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तांब्या माझ्या पायावर ओतला. माझ्या मनात आलं, एवढ्या ओलीत तांब्याभर पाणी कसं ओळखू येणार? पण ओवाळताना ताटातलं कुंकू कलंडलं होतं, ते पाण्यात मिसळलं. माझ्या पायाशी एक तांबूस रेघ झाली. थोडी थांबली. मग ती वळली आणि निघाली.

तुम्ही सगळे म्हणत होता, आत्या, आत चल. विनिता ओरडत होती, "आई, दार इकडे आहे." मला ऐकू येत होतं, बरं का. मी न ऐकल्यासारखं केलं. मला ती रेघ सोडवेना. मी तिच्यामागून निघाले. ती पळाली नाही. तुंबलीही नाही. माझ्या गुडघ्यांना जमेल अशा चालीने चालली. घराला वळसा घातला, चाफ्याखालून गेली. कुंपणावरून स्टॅनी म्हणाला, "वसूताय, माहेराला आली का माजं काम तपासायला?" मी म्हटलं, दोन्ही. तो म्हणाला, "कोलंबी आता बावखलात सोडतो. तुजी परवानगी पायजे. लेखी दे, पन उतार नको लिहू." त्याला कुणी सांगितलं हे सगळं? तूच असशील.

कर्दळीच्या पुढे रेघ फिकी होत गेली आणि बावखलाच्या काठाशी पाण्यात मिळाली. बावखल भरलेलं होतं. अण्णांच्या वेळी असायचं तेवढं नाही, पण त्यात आभाळ दिसत होतं. मी तिथे उभी राहिले. थोड्या वेळाने लक्षात आलं की मी भिजत नाही. मागे वळून बघितलं तर आत्माराम माझ्या डोक्यावर छत्री धरून उभा. स्वतः पूर्ण भिजलेला. तो केव्हा आला मला कळलंही नाही. मी म्हटलं, पोचलं रे पाणी. तो म्हणाला, "हो."

मग तोच म्हणाला, "चल ताई. ती दारात तांब्या भरून उभी आहे."

मी म्हटलं, आता पुन्हा कशाला? पाणी घालून झालं की.

त्याने माझ्या पायांकडे बघितलं. घोट्यापर्यंत काळी माती लागली होती. म्हणाला, "आत न येता मागून गेलीस. पुन्हा घालावं लागेल."

मी ओट्याशी येऊन उभी राहिले आणि तुझ्या आईने दुसरा तांब्या ओतला. ते पाणी निघालं. या वेळी मी त्याच्यामागे गेले नाही.

वसू